उद्धरणांची संख्या आणि प्रत्यक्षाची कसोटी

संशोधकाची थोरवी मोजण्याचे एक माप सध्या सर्वत्र रूढ झाले आहे. त्याच्या शोधनिबंधांचा आधार अन्य संशोधकांनी किती वेळा घेतला, ती संख्या म्हणजे उद्धरणसंख्या. हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचविलेला एच-निर्देशांक याच संख्येवर उभा आहे. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उद्धरणे लाभली, त्याचा निर्देशांक वीस. आपल्या क्षेत्रातही हे आकडे आता आदराने उच्चारले जातात. या मापाचे खरे मोल मूलपेशींच्या, म्हणजेच स्टेम सेलच्या, संशोधनातील दोन निबंधांवरून पारखता येईल.

शिन्या यामानाका हे 1962 मध्ये ओसाका येथे जन्मलेले वैद्यक पदवीधर. अस्थिशल्यचिकित्सेत हात बसेना म्हणून ते संशोधनाकडे वळले. 2006 मध्ये क्योतो विद्यापीठात त्यांनी व काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या त्वचेतील परिपक्व पेशींना पुन्हा मूलपेशीची अवस्था प्राप्त करून दिली. निवडलेल्या 24 जनुकांपैकी एकेक वगळून पाहता शेवटी चारच आवश्यक ठरली. त्या निबंधाला आजवर 20 हजारांहून अधिक उद्धरणे मिळाली आहेत. 2012 मध्ये यामानाकांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पुरस्कारही लाभला. परंतु आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्याआधीची घटना. चारही जनुकांची नावे व कृती उघड असल्यामुळे वर्षभरातच अमेरिकेतील प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून तोच परिणाम मिळविला.

आता दुसरा निबंध. प्रौढ अस्थिमज्जेतील काही पेशी शरीरातील बहुविध ऊतींत परिणत होऊ शकतात, असे प्रतिपादन मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी 2002 मध्ये 'नेचर'मध्ये केले. त्यास सुमारे साडेचार हजार उद्धरणे मिळाली. अन्य प्रयोगशाळांना मात्र तसा प्रत्यय येणे कठीण झाले. निबंधातील काही छायाचित्रांविषयी शंका उपस्थित झाल्या, मूळ छायाचित्रे उपलब्ध होऊ शकली नाहीत आणि 2024 मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. बावीस वर्षे संख्या वाढत राहिली. संख्येने सत्याची ग्वाही दिली नाही.

चरकाचार्यांनी परीक्षा चतुर्विध सांगितली आहे: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती. उद्धरण हा फार तर आप्तोपदेशाचा आधुनिक अवतार होय. आणि आप्ताचे आप्तत्व त्याच्या निर्दोष ज्ञानाने ठरते, अनुयायांच्या गणतीने नव्हे. प्रत्यक्षाची जागा त्यास देता येणार नाही.

हा न्याय आपणांसही लागू आहे. रास्ना म्हणून उत्तरेत एक, दक्षिणेत दुसरी व बंगालात तिसरीच वनस्पती वापरली जाते. रुग्णनोंदीत केवळ 'रास्नादि क्वाथ' एवढेच लिहिले, तर नाशिकच्या वैद्याचा अनुभव त्रिशूरच्या वैद्याने पडताळावा कसा? औषधनिर्मात्यांनी द्रव्याची शास्त्रीय ओळख, संग्रहाचा प्रदेश व ऋतू आणि पाकाची नोंद प्रत्येक घाणीबरोबर जपावी. वैद्यांनी मात्रा, अनुपान, काल आणि अपयशी ठरलेले रुग्णही लिहून ठेवावेत. चार जनुकांची नावे जशी उघड होती, तशी आपली कृती उघड असावी.

एखाद्या रसायनकल्पावर 'मूलपेशी जागृत करणारे' असे छापण्याचा मोहही टाळावा. खुद्द यामानाकांच्या पद्धतीने केलेला नेत्रपटलाचा पहिला मानवी उपचार 2014 मध्ये कोबे येथे झाला. दुसऱ्या रुग्णासाठी सिद्ध केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळताच तो उपचार थांबविण्यात आला. नोबेल पदरी असताना जे इतका संयम पाळतात, त्यांच्या नावाचे भांडवल आपण वेष्टनावर करणे शोभत नाही.

आपले निबंध जगाने उद्धृत करावेत, ही इच्छा रास्तच आहे. मात्र ते आधी शेजारच्या वैद्याला करून पाहता यावेत, एवढाच आमचा आग्रह आहे.