पहिला घटक : पाणी

सौंदर्यप्रसाधनांविषयी मराठीत लिहावयास बसले की लेखकापुढे दोनच पाट मांडलेले असतात. एकावर बसून त्याने स्त्रियांच्या छानछोकीचा निषेध करावयाचा. दुसऱ्यावर बसून 'आमच्या आजीच्या काळी' असा घोष करीत शिकेकाई, उटणे आणि वाळा यांची आरती ओवाळावयाची. पुष्कळदा हे दोन्ही पाट एकाच गृहस्थाने अडविलेले असतात. आम्हांला त्यांपैकी कोणत्याच पाटावर बसावयाचे नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात, मार्च ते मे या तीन महिन्यांत, बंगळुरातील बनशंकरी भागातल्या आमच्या बिऱ्हाडात सतरा वस्तू आणल्या गेल्या. काही दुकानातून, काही काष्ठौषधींच्या पुड्यांतून. त्या सर्व आम्ही आपल्या डोक्याला व तोंडाला लावून पाहिल्या. तेव्हा जे बोलतो ते अनुभवाने बोलतो. केवळ वाचीव ज्ञानाने नव्हे.

या खटाटोपाचे कारण छानछोकी नव्हते. आमची पुतणी बेळगावहून शिकण्यासाठी आमच्याकडे राहावयास आली आणि सहा महिन्यांत तिची वेणी निम्म्याने उतरली. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे स्वाभाविकच आहे, असे वैद्यकशास्त्र म्हणते. परंतु न्हाणीघराच्या जाळीवर रोज सकाळी केसांचे गुंतवळ पाहणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला हा आकडा सांगून पाहावा! ती ते केस मोजून कागदाच्या पुडीत ठेवू लागली. आपलेच काही चुकते आहे, आपण नीट खात नाही, नीट झोपत नाही, स्वस्तातला शांपू वापरतो, अशी तिची समजूत होत गेली. आणि ती समजूत दृढ करावयास सारा बाजार उत्सुक होता.

ते वर्षही तसेच होते. थंड हवेची म्हणून ज्या शहराची ख्याती, तेथे २८ एप्रिल २०२४ रोजी पारा ३८.५ अंशांवर गेला. २०१६ च्या एप्रिलात तो ३९.२ पर्यंत पोहोचला होता, तेव्हा हा काही एकटाच चमत्कार नव्हे. मार्च महिन्यातच शहराच्या सुमारे १४ हजार सरकारी कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्याचे जाहीर झाले. मोटारी धुण्यास, बागा शिंपण्यास पिण्याचे पाणी वापरले तर ५,००० रुपये दंड, असा हुकूम निघाला. कपाळाचा घाम जिभेला खारट लागत होता आणि नळाचे पाणीही.

आता बाटल्यांकडे वळू. आम्ही पेशाने कारकून. कागद हाती आला की आधी तळटीप वाचावयाची, ही आमची खोड. 'केसगळती थांबवा' असे ठळक अक्षरांत छापलेल्या एका बाटलीवर त्या वाक्याच्या शेवटी एक इवलीशी चांदणी होती. त्या चांदणीचा माग काढीत आम्ही बाटलीच्या पाठीमागे, तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांपर्यंत गेलो, तो तेथे खुलासा होता : केस तुटल्यामुळे होणारी गळती. म्हणजे मुळापासून जे गळतात त्यांची जबाबदारी बाटलीने घेतलेलीच नव्हती! सरकारी टिप्पणीतही इतक्या सफाईने अंग काढून घेतलेले आम्ही क्वचित पाहिले आहे. यात बेकायदा काही नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या व्याख्येप्रमाणे प्रसाधन म्हणजे अंगाला चोळावयाची, ओतावयाची वा शिंपडावयाची अशी वस्तू, की जिने स्वच्छता यावी, रूप खुलावे वा बदलावे. रोग बरा करणे हे तिचे कामच नव्हे. कायदा जे बोलू देत नाही ते चांदणी सुचविते, एवढेच.

त्या बारीक अक्षरांतच आम्हांला आणखी एक गोष्ट आढळली. प्रसाधनात एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणाने छापावे लागतात. जे सर्वांत अधिक ते आरंभी. आम्ही घरातील शांपू, कंडिशनर, मलम, लोशन अशा साऱ्या ओल्या वस्तू ओळीने मांडल्या आणि यादी करावयास बसलो. एकूण एक यादीत पहिला शब्द एकच होता, 'अ‍ॅक्वा'. लॅटिन भाषेतील पाणी. ज्या नगरात टँकरवाल्याची आर्जवे करावी लागत होती, तेथे आम्ही दोनशे मिलिलिटरच्या बाटल्यांतून लॅटिन नावाचे पाणी विकत घेत होतो. आणि ते डोक्यावरून धुऊन काढण्यास कानडी नावाचे पाणी मात्र नव्हते.

त्याच यादीच्या शेपटाला 'लिनालूल' हे नाव वारंवार येते. हा सुवास देणारा पदार्थ. आज तो बहुशः कारखान्यातच तयार होतो. परंतु एके काळी तो ज्या लिनालो झाडाच्या तेलातून मिळे, त्या झाडांची मोठी लागवड आमच्याच कनकपुरा रस्त्यावर, तातगुणी येथे, होती. ती इस्टेट चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक आणि नटी देविकाराणी यांची. देविकाराणींनी तरुणपणी लंडनमध्ये एलिझाबेथ आर्डेन यांच्याकडे सौंदर्यप्रसाधनाची उमेदवारी केली होती, असे सांगतात. हे विषयांतर क्षम्य ठरावे, कारण तातगुणी हे नाव बंगळूरकरांच्या आयुष्यात आणखी एका कारणाने आहे. सुमारे शंभर किलोमीटरवरच्या तोरेकाडनहळ्ळीहून निघालेले कावेरीचे पाणी हारोहळ्ळी आणि तातगुणी येथे पंपांनी वर चढवीत शहरात आणले जाते. सुगंध आणि पाणी, दोन्ही याच रस्त्याने आली. सुगंध घरोघर पोहोचला.

आमच्या इमारतीत नदीचे पाणी दिवसाआड, तेही घटकाभर. उरलेला व्यवहार बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन जल म्हणतात ते हेच. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की फेसाऐवजी पांढरी चिकट साय धरते आणि ती केसांना, कातडीला, बादलीच्या कडांना सारख्याच ममतेने चिकटते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा उद्भवच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आम्ही आमच्या बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेतली. आकडा सहाशेच्या पुढे निघाला. पाणी जसजसे खोलावरून उपसावे तसतसे ते जड होत गेले. शांपूला त्यात फेस येतो हे खरे, परंतु क्षार केसांवर बसावयाचे ते बसतातच; केस राठ होतात, विंचरताना तुटतात. मग राठपणा घालविण्यास कंडिशनर, कंडिशनरचा मेणचटपणा घालविण्यास पुन्हा शांपू, आणि दोन्ही धुण्यास पुन्हा तेच पाणी.

गंमत अशी की आमच्या भाषेला हे निदान फार पूर्वीपासून ठाऊक आहे. परगावी गेलेल्या माणसाची तब्येत उतरली की 'त्याला तिकडचे पाणी लागले', 'पाणी मानवले नाही', असे आम्ही म्हणतो. पुतणीला पाहून बेळगावच्या वहिनी पहिल्या दिवशी हेच म्हणाल्या. आम्ही पदवीधर, आम्ही हसलो आणि बाजारात गेलो.

आता दुसऱ्या पाटावरील मंडळींशी दोन शब्द. 'रसायने सोडा, शिकेकाई लावा' हा उपदेश आम्हांला कचेरीत, देवळात आणि मेट्रोच्या डब्यातही मिळाला. शिकेकाईविषयी आमच्या मनात आदर आहे. साबणासारखी ती जड पाण्यात साय धरत नाही, हा तिचा मोठाच गुण. म्हणून आम्ही शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा आणून उकळले आणि एका रविवारी सर्वांनी न्हाऊन घेतले. त्यानंतर दोन दिवस आमच्या डोक्यांतून पूड झडत होती. उपदेशकांच्या आजीने शिकेकाई लावली हे ते सांगतात. तिच्या परसात आड होता, बंब पेटलेला होता आणि डोक्यावर घंगाळाने पाणी ओतावयास सून उभी होती, हे सांगावयाचे विसरतात. शेजारच्या कानडी अज्जींना हे विस्मरण झालेले नव्हते. युगादीच्या दिवशी एण्णे स्नान, म्हणजे आपला अभ्यंग, होणार का, असे आम्ही सहज विचारले. "सीगेकायिगू नीरु बेकल्लवा?" त्या म्हणाल्या. शिकेकाईलासुद्धा पाणी लागतेच ना! आणि त्या आजीच्या काळाची जी केशसंपदा वारंवार वर्णिली जाते, त्याच काळी विधवांच्या मस्तकांवर वस्तरा फिरत होता व तो आम्ही फिरविणार नाही असे म्हणण्यासाठी १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांना, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने, उभे राहावे लागले, ही आठवणही त्या वर्णनाशेजारी असलेली बरी.

'घरगुती म्हणजे निरुपद्रवी' या श्रद्धेचा प्रसाद आम्हांला लिंबाने दिला. येथील बनशंकरीच्या देवळात राहुकाळी लिंबे पिळून, त्यांच्या साली उलट्या करून त्यांत दिवे लावण्याची रीत आहे. त्यामुळे या भागात लिंबाला तोटा नाही. चेहरा उजळतो म्हणून आम्ही रस चोळला आणि तसेच उन्हातून स्थानक गाठले. लिंबात अशी काही द्रव्ये असतात की उन्हाशी गाठ पडली म्हणजे त्यांनी कातडी भाजते. गालावरचा तपकिरी डाग जावयास दीड महिना लागला.

उन्हावरच्या मलमाबद्दल, म्हणजे सनस्क्रीनबद्दल, आम्ही तक्रार करणार नाही. ते आपले काम करते. ३० आकड्याचे मलम कातडी भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडविते, ५० चे सुमारे ९८. पण हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड लेप देऊन काढलेला असतो. तेवढे चेहऱ्याला व मानेला लावावयाचे तर प्रत्येक वेळी ग्रॅम-सव्वा ग्रॅम, आणि दिवसातून तीनदा. पन्नास ग्रॅमची नळी पंधरवड्यात संपावी. आमच्या घरी ती तीन महिने पुरली. आम्ही मलम नव्हे, समाधान लावीत होतो. शिवाय मराठी घरात ही नळी येते ती ऊन लागू नये म्हणून नव्हे, काळे पडू नये म्हणून. १९७५ पासून गोरेपणाच्या नावाने विकल्या गेलेल्या एका प्रसिद्ध मलमाने २०२० मध्ये आपल्या नावातील 'फेअर' हा शब्द गाळला. आमच्या वधूवर सूचक मंडळांना अद्याप तशी बुद्धी झालेली नाही.

आणि ऊन अडविणारी दुसरी एक वस्तू होती. तिच्यावर आकडा छापलेला नसे. येथून जवळच, जयनगरात नंदा रोडवरील लक्ष्मणराव उद्यानाची झाडे २००९ मध्ये मेट्रोसाठी तोडली गेली. रहिवाशांनी निकराने विरोध केला. आम्ही त्याच मेट्रोने रोज कचेरीत जातो, वेळेवर पोहोचतो, आणि स्थानकाबाहेर पडताच पिशवीतून नळी काढतो. आम्ही स्वतःला या आरोपातून वगळू शकत नाही.

तेव्हा आमचा मुद्दा सरळ आहे. तलाव बुजवून, झाडे तोडून, पाचशे-हजार फूट खोल भोके पाडून नगराने आपले पाणी जड केले व ऊन तिखट केले. हे सर्वांनी मिळून केलेले नुकसान. त्याचा निवाडा सभेत, कचेरीत, मतपेटीत व्हावयाचा. बाजाराने त्याचे तुकडे करून प्रत्येक घराच्या आरशासमोर एकेक ठेवून दिला. आरशासमोर उभी असलेली मुलगी कूपनलिकेला दोष देत नाही. ती आपल्या केसांना दोष देते. बाटली केस तुटल्याचे सांगते, ते का तुटले हे सांगत नाही. आजीची भक्त मंडळीही सांगत नाहीत, कारण पाण्याचा प्रश्न काढला की उपदेश करावयास जागा उरत नाही.

बनशंकरी ही मूळची बदामीजवळची, अनेक मराठी घराण्यांची कुलस्वामिनी शाकंभरी. शंभर वर्षांच्या अवर्षणात आपल्या देहातून उपजलेल्या भाज्यांनी जिने लोकांना जगविले अशी कथा आहे, ती. पौषात तिच्या नवरात्रात आम्ही तिला भाज्यांचा नैवेद्य दाखवितो. तिच्या नावाच्या वस्तीत त्या उन्हाळ्यात कोरड्या शांपूचा खप चांगला होता, असे आमच्या दुकानदाराने सांगितले. ही एक फवाऱ्याची नळी. ती केसांवर पिष्टाची भुकटी उडविते, भुकटी तेल शोषते, पाणी लागत नाही. अडतीस अंशांच्या उकाड्यात अकरा वाजेपर्यंत त्या भुकटीची कानामागे खळ झाली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला ७७.५ कोटी लिटर जादा पाणी, मुख्यतः शहरात नंतर सामील झालेल्या ११० गावांसाठी. आमच्या इमारतीचे पाणी त्याने हलके झाले नाही. पावसाचे पाणी जिरविण्याची सोय करणे येथे २००९ पासून कायद्याने सक्तीचे आहे आणि आमच्याकडे तसा खड्डा आहेही. तो गाळाने बुजला आहे. इमारतीच्या सभेत तो उपसण्याचा ठराव आम्ही मांडला. खर्च कोणी करावा यावर चर्चा होऊन तो पुढील सभेवर ढकलला गेला. जिना उतरताना आम्ही सहज चौकशी केली. बत्तीस बिऱ्हाडांपैकी एकोणीस बिऱ्हाडांनी न्हाणीघराच्या झारीला, केस गळू नयेत म्हणून, प्रत्येकी दीड हजाराची गाळणी बसवून घेतली होती. त्यांत आमचेही एक. खड्डा उपसण्याचा अंदाज बावीस हजारांचा होता.

पुतणीने मे महिन्यात केस खांद्यापर्यंत कापून घेतले. धुवावयास एक तांब्या कमी लागतो, असे ती म्हणते.