पोराची शाळा निवडताना आधी परवाना पाहा



उसाचे बेणे घ्यायचे झाले तर आपण किती चौकशी करतो! बेणेमळा कुणाचा, वय किती महिन्यांचे, काणी किंवा गवताळ वाढ आहे का, हे पाहिल्याशिवाय आपण ट्रॉली भरत नाही. पण पोरगं सातवी पास झालं, की "ठाण्याला मामाकडं ठेवू, तिकडं शाळा चांगल्या," एवढ्या बोलण्यावर आपण मोकळे होतो. आठवी ते दहावी ही तीन वर्षे खोडव्यासारखी नसतात. एकदा वाया गेली की परत फुटवा येत नाही.

आपल्या भागातील अनेक घरचे कुणी ना कुणी ठाणे, कल्याण, डोंबिवलीला नोकरीस आहे. ठाण्याचे मो. ह. विद्यालय, डोंबिवलीचे स. वा. जोशी विद्यालय व टिळकनगर विद्यालय, कल्याणची सुभेदारवाडा शाळा ही नावे आपण पाहुण्यांच्या तोंडून ऐकतो. त्यांचा नावलौकिक आहे, ही गोष्ट खरी. परंतु या शाळांच्या आसपास जागा घेणे आपल्या पाहुण्यांना परवडत नाही. त्यांची खोली असते दिव्याला, नाहीतर त्याच्याही आत. मग पोराचे नाव घातले जाते चाळीजवळच्या, इंग्रजी पाटी लावलेल्या शाळेत.

दिवा भाग ठाणे महापालिकेत मोडतो. तेथे वस्ती झपाट्याने वाढली, मात्र त्या मानाने पालिकेच्या शाळा वाढल्या नाहीत. ती पोकळी खाजगी शाळांनी भरली व त्यातील कित्येक मान्यतेविना चालतात. ठाणे महापालिका अनधिकृत शाळांच्या याद्या वेळोवेळी जाहीर करते. 2025 च्या यादीत दिव्यातल्या शाळांचा भरणा मोठा होता. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 18 प्रमाणे मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढेही चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत. तरीही पाट्या उभ्या आहेत, कारण पालक विचारत नाहीत.

माझ्या बहिणीच्या मुलाचे असेच झाले. आठवी-नववी त्याने अशा एका शाळेत काढली. गणवेश टापटीप, फी वेळेवर, निकालपत्रावर मोठा शिक्का. दहावीच्या जूनमध्ये समजले की शाळेला मान्यताच नाही आणि दहावीचे फॉर्म दुसऱ्याच शाळेच्या नावावर भरले जातात. पोराला गावी आणले, तर त्या दाखल्यावर कुणी दहावीला घेईना. शेवटी गावच्या शाळेतून सातवीच्या दाखल्याची दुसरी प्रत काढली, प्रतिज्ञापत्र केले आणि 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवले. पास झाला. पण वर्षभर वर्ग नाही, मास्तर नाही, सोबती नाहीत. "मामा, माझं काय चुकलं?" असे त्याने विचारले, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. चूक आमची होती.

आपला कारखाना साखर आयुक्तांच्या गाळप परवान्याशिवाय गाळप सुरू करू शकत नाही, हे आपल्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. तोच प्रश्न शाळेला विचारावा. शासनाच्या मान्यतेचा आदेश दाखवा म्हणावे. अकरा अंकी यू-डायस क्रमांक लिहून घ्यावा. नववी-दहावीचे वर्ग असतील तर मंडळाचा सांकेतांक विचारावा आणि मागच्या वर्षी मुले कोणत्या शाळेच्या नावाने दहावीला बसली, हेही विचारावे. उत्तर देताना चालढकल झाली, तर उठून यावे. अनधिकृत शाळांची यादी महापालिकेच्या शिक्षण विभागात मिळते, पाहुण्यांना अर्धा दिवस पाठवावे.

दुसरी गोष्ट प्रवासाची. "लांबच्या चांगल्या शाळेत घालू, लोकलनं जाईल," असे म्हणणे सोपे आहे. सकाळच्या वेळी दिव्याहून ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत मोठ्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळत नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. तेरा वर्षांच्या पोराला रोज त्या दारात उभे करायचे का, याचा विचार बापाने करावा.

आणि गावाजवळच्या हायस्कूलला आपण इतके हलके का लेखतो? कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, ती खेड्यातल्या पोराला शिक्षणासाठी तोंड वेंगाडावे लागू नये म्हणून. तिथे शिक्षक कमी असतील, प्रयोगशाळेला कुलूप असेल, तर सभासद म्हणून आपण जाऊन बोलू शकतो. दिव्याच्या शाळेत आपले कोण ऐकणार?

शहरात पाठवूच नये, असे माझे म्हणणे नाही. मान्यता असेल, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असेल आणि पोराकडे लक्ष देणारे माणूस घरी असेल, तर जरूर पाठवावे. यातले एक जरी नसेल, तरी आठवी ते दहावी पोर घरीच बरे.

संचालक मंडळास एक विनंती. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये प्रत्येक गट ऑफिसात निवृत्त शिक्षक सभासदांपैकी एकाला आठवड्यातून एक दिवस बसवावे. ठाणे-कल्याणच्या शाळांच्या याद्या त्यांच्याकडे ठेवाव्यात. खर्च नाममात्र आहे. उसाच्या नोंदीला येणारा बाप तिथेच पोराच्या शाळेचीही चौकशी करील.

— एक ऊस उत्पादक सभासद