किल्ली कुणाकडे?

शनिवारी सकाळी चहा झाला आणि कामाला लागलो. इथे जर्मनीत आमच्या फ्लॅटमधला गरम पाण्याचा मीटर ८६८.९५ मेगाहर्ट्झवर आपले आकडे हवेत सोडत असतो. एक यूएसबी रेडिओ डोंगल लावलं, 'डब्ल्यूएमबसमीटर्स' हे फुकट सॉफ्टवेअर चालू केलं, आणि अर्ध्या तासात आमचाच काय, शेजाऱ्यांचेही मीटर स्क्रीनवर! पण दिसतो फक्त मीटरचा नंबर नि कंपनी. आकडा एईएस-१२८ च्या कुलपात.

कुलूप हवंच. नाहीतर आपण गावाला गेलोय हे कुणीही ओळखेल. पण ३२ अक्षरांची किल्ली मागितली तर उत्तर आलं, भाडेकरूंना देत नाही. बोला आता! पाणी मी वापरायचं, बिल मी भरायचं, आणि किल्ली त्यांच्याकडे.

मीटरवर आकडा दिसतो की, असं म्हणाल. दिसतो ना. पण रात्री दोनला नळ गळतोय का, हे बघायला मी कपाटात डोकं घालून बसू?

युरोपियन युनियनच्या नियमानुसार असे बहुतेक मीटर १ जानेवारी २०२७ पर्यंत दुरून वाचता यायला हवेत. उत्तम! पण दुरून वाचणार कोण, फक्त कंपनी? माझ्या मते घराच्या किल्लीबरोबर मीटरचीही किल्ली हातात पडली पाहिजे.

असो. सोमवारी पुन्हा मेल टाकतोय.