जखम सहा महिन्यांची, हिशेब दहा दिवसांचा

गेल्या उन्हाळ्यात हिंगोलीच्या न्यायालयातून घरी आलो, तर ओट्याजवळ एक शेतमजूर उभा. "जयभीम, बसा," म्हणालो. "वकीलसाहेब, बसता आलं असतं तर आलोच नसतो," तो म्हणाला.

आतड्याच्या जुनाट दाहामुळे त्याचे गुदाशय काढावे लागले होते. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला; पण बैठकीच्या जागेची जखम आठ महिने झाले तरी भरेना. मजुरी गेली. एसटीत लोक वासाने जागा बदलतात. जन्माने लादलेली अस्पृश्यता भोगलेल्या समाजातला हा माणूस आता जखमेने अस्पृश्य झाला! घरचे म्हणतात, यानेच पथ्य पाळले नाही.

हा दोष त्याचा नाही. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांत गुदाशय काढल्यावर जखम सहा महिन्यांनंतरही उघडी राहू शकते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. आजाराचा दाह, स्टेरॉइड, रक्ताची व प्रथिनांची कमतरता, तंबाखू-बिडी ही त्याची कारणे. म्हणून नुसती पट्टी बदलून भागत नाही. आत पू वा नळी राहिली का, हे एमआरआयने पाहावे लागते. आजार आटोक्यात आणावा लागतो. स्टेरॉइड कमी करायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच दिसतो आणि इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधाने दबलेला क्षय उसळतो. म्हणून ती तपासणी आधी. मग व्हॅक्यूम ड्रेसिंग. तेही अपुरे पडले तर मांडीचा स्नायू वळवून पोकळी भरतात. पोटावर काढलेल्या शौचमार्गाजवळ जांभळ्या कडांचा, अतिशय दुखणारा व्रण झाला तर त्यावर चाकू चालवण्याआधी तज्ज्ञाला दाखवावे. पायोडर्मा गँग्रिनोसम असल्यास तो कापल्याने वाढतो.

हे काम महिनोन्‌महिन्यांचे आहे. आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घरी सोडल्यानंतरच्या पाठपुराव्याचे सर्वसाधारण दिवस किती? दहा! अकराव्या दिवसापासून गरिबाने काय करायचे?

सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात बजावले आहे, की पैसा नाही म्हणून शासनाला उपचाराचे घटनात्मक कर्तव्य टाळता येणार नाही. ते प्रकरण तातडीच्या उपचाराचे होते, हे खरे. पण कलम 21 मधला जगण्याचा हक्क टाके घातल्यावर संपतो काय?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. न भरणाऱ्या जखमेचा पाठपुरावा ती भरेपर्यंत योजनेत स्पष्टपणे धरावा. हिंगोलीत 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे जखमांचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग असावा. ग्रामीण रुग्णालयात ड्रेसिंगची प्रशिक्षित परिचारिका असावी. आणि रुग्णाला पुण्या-मुंबईला जावेच लागले, तर धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी 10 टक्के खाटा मोफत राखीव आहेत, हे कार्यकर्त्यांनी त्याला सांगावे. कागदपत्रे घेऊन सोबत जावे.

महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडलेल्या, कोणीही विचारत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून मंचकावर ठेवले. आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा, असे संघाला सांगितले. आपण दर पौर्णिमेला वंदना घेतो. आपल्या वस्तीत कोणी महिनोन्‌महिने उभाच आहे काय, हे विहारातून घरी जाताना एकदा विचारून पाहू या!