उपवास मोठ्यांचा, धडा लहानांचा

घरातल्या कालदर्शिकेत गुड फ्रायडे लाल अक्षरांत छापलेला असतो. बहुतेक मराठी कुटुंबांच्या लेखी त्याचे महत्त्व शनिवार-रविवारला जोडून आलेल्या सुट्टीपुरतेच. ईस्टर तर रविवारीच येतो, म्हणजे तेवढेही कौतुक त्याच्या वाट्याला येत नाही. नाताळचा केक आणि चांदण्यांचे कंदील आपल्या ओळखीचे झाले. ईस्टर मात्र शेजारच्या घरात राहूनही अनोळखीच राहिला.

गंमत अशी की, आपल्या पंचांगाशी जवळचे नाते सांगतो तो ईस्टरच. नाताळ २५ डिसेंबरला खिळलेला आहे, तर ईस्टर चंद्राच्या मागे फिरतो. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा त्याचा सर्वसाधारण हिशेब. म्हणूनच २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला, गुड फ्रायडे ३ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला, असे सण एकमेकांना खेटून आले. नाताळचा थाट मोठा असला, तरी ख्रिस्ती श्रद्धेचा कणा ईस्टरच. क्रुसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, या विश्वासावर बाकीचे सारे उभे आहे.

हा सण समजून घ्यायचा तर चर्चपेक्षाही चर्चशेजारच्या प्राथमिक शाळेत डोकवावे, आणि महाराष्ट्रात त्यासाठी वसईसारखे ठिकाण नाही. निर्मळ, नंदाखाल, आगाशी, सांडोर, पापडी अशा गावांत चर्च आणि शाळा पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या सोबतीने नांदत आल्या आहेत. शाळेच्या घंटेवर आणि चर्चच्या घंटेवर एकाच गावाचा दिवस चालत आला आहे.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ असतो. मधले रविवार त्यात धरत नाहीत. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून त्याची सुरुवात होते. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करण्याची प्रथा आहे. गेल्या वर्षीचा जयजयकार यंदाची राख होतो, हे तत्त्वज्ञान सात वर्षांच्या मुलालाही समजावून सांगावे लागत नाही. ते त्याला दिसते.

इथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो, आणि उपवासाचा नियम अठरा पूर्ण झाल्यावर साठीच्या उंबरठ्यापर्यंत. म्हणजे पहिली ते चौथीतले मूल या दोन्हींतून मोकळे. मात्र त्याच कायद्यात पालकांना आणि धर्मगुरूंना बजावले आहे की, वयाने मोकळ्या असलेल्या या मुलांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवावा. उपवास मोठ्यांचा आणि धडा लहानांचा, अशी ही वाटणी आहे.

हा धडा मिळतो तोही अगदी घरगुती मार्गाने. चाळीस दिवस चॉकलेट नाही, गोळ्या नाहीत. वाचलेले पैसे डब्यात, आणि डबा गरजूंसाठी. शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या अखेरच्या प्रवासातली चौदा स्थाने. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी. गुरूने शिष्यांचे पाय धुतले, ही कथा गुरुचरणांना वंदन करणाऱ्या आपल्या मुलांना चक्रावून टाकणारीच आहे. पूर्वी या विधीत फक्त पुरुषांचे पाय धुतले जात. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१६ मध्ये नियम बदलून तो स्त्रियांनाही खुला केला.

याच वयावर एवढा भर का, याचे एक उत्तर १९१० मध्ये सापडते. पोप दहावे पायस यांनी त्या वर्षी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचे वय साधारण सात वर्षांवर आणले. त्याआधी मुलांना दहा-बारा किंवा अधिक वर्षांपर्यंत थांबावे लागे. त्या एका निर्णयाने प्राथमिक शाळेची वर्षे धार्मिक आयुष्याच्या केंद्रस्थानी आली. पांढऱ्या पोशाखातल्या त्या मुलाभोवती आजी-आजोबा, धर्ममाता-धर्मपिता, शिक्षक आणि अख्खी आळी गोळा होते. शाळेचे समाजजीवन म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

पण हे जीवन ज्या दोन खांबांवर उभे आहे, ते दोन्ही आज हलत आहेत.

पहिला खांब भाषेचा. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. राज्ये बदलली, पण इथल्या ख्रिस्ती समाजाची मराठी सुटली नाही. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनच्या जागी मिस्साही मराठीत. थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले होते. त्या परंपरेला वसईने आपल्या काळात नवे बळ दिले. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. त्यांना त्या ग्रंथासाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण दर्जा मिळाला म्हणून पहिलीचा वर्ग भरत नाही. मराठी माध्यमाच्या शाळांची पटसंख्या राज्यभर रोडावत चालली आहे आणि वसई त्याला अपवाद नाही. पालकांना दोष देऊन चालणार नाही. नोकरीचे दार इंग्रजीच्या किल्लीने उघडते, हे त्यांनी अनुभवले आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढण्यात चर्चसंस्थाही मागे राहिलेल्या नाहीत. परिणाम असा की, आजी क्रुसाची वाट मराठीत चालते आणि नातू तीच प्रार्थना इंग्रजीत पाठ करतो. दोघे एकाच बाकावर बसतात, पण आजीजवळ सांगण्यासारखे जे आहे ते नातवापर्यंत अर्धेच पोचते.

दुसरा खांब शेजाराचा. वसई-विरारची २००९ मध्ये महानगरपालिका झाली. वाड्या-आळ्यांच्या भोवती इमारतींचे जंगल उभे राहिले. पूर्वी आळीतली मुले चालत शाळेत येत. आता लांबच्या संकुलांतून बस भरून येतात. वर्गात नाना धर्मांची मुले असतात. अशा वर्गात ईस्टर कसा साजरा करावा?

इथे राज्यघटना बरीच स्पष्ट आहे. कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. आणि कलम २८ (३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीविना, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या संमतीविना, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनेही एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना हेच सांगितले: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, आणि सकाळच्या परिपाठात घटनेची उद्देशिका वाचा.

हा सल्ला स्वागतार्ह आहे. पण त्यातून एक सोपी पळवाटही निघू शकते: वाद नको म्हणून सणच शाळेबाहेर ठेवायचा, आणि भिंतीवर रंगीत अंड्यांची चित्रे लावून मोकळे व्हायचे. असे झाले तर कोणाचेच भले नाही. कॅथलिक मुलाचा सण त्याच्याच शाळेत परका होईल आणि शेजारच्या बाकावरचे हिंदू किंवा मुसलमान मूल आपल्या मित्राच्या घरी काय चालते, हे न कळताच मोठे होईल. सांगणे आणि करायला लावणे यांत फरक आहे. राख कपाळाला लावायची की नाही हा श्रद्धेचा प्रश्न. ती राख कशाची हे सर्वांना सांगणे हे शिक्षण. डब्यात टाकलेल्या दोन रुपयांना तर धर्मच नसतो. आणि जे मूल प्रार्थनेला उभे राहणार नाही, त्याला वर्गाबाहेर ताटकळत न ठेवणे, ही शाळेच्या सौजन्याची कसोटी.

भाषेच्या बाबतीतही हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. माध्यम इंग्रजी झाले म्हणून ईस्टरची तयारी मराठीत करायला कोणी मनाई केलेली नाही. प्रायश्चित्तकाळात आठवड्यातून एकदा आजी-आजोबांना वर्गात बोलवावे, त्यांच्या बोलीत त्यांच्या लहानपणचा सण सांगायला लावावा. याला ना अनुदान लागते ना शासननिर्णय. वार्षिक परीक्षेची घाई मात्र आड येते. २०२५ मध्ये राज्याने पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा ठेवल्या आणि २० एप्रिलचा ईस्टर नेमका त्यांच्या मधोमध आला. वेळापत्रक आखणाऱ्यांनी कालदर्शिकेतली ती तारीखही जरा पाहून घ्यायला हरकत नाही.

शाळेची इमारत, निकालाची टक्केवारी, इंग्रजीचे उच्चार यांची चौकशी पालक आवर्जून करतात. या शाळेत माझे मूल स्वतःच्या खाऊतला वाटा दुसऱ्यासाठी काढायला शिकेल का, हेही एकदा विचारून पाहावे. चाळीस दिवसांचा तो डबा नेमका एवढ्यासाठीच असतो.