पडद्यावरचे मावळ आणि कारीचा कागद

भोर तालुक्यातील कारी हे गाव आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. तेथील जेधे देशमुखांच्या दप्तरात एक शकावली होती. तिथीवार टिपणांची, अगदी कोरड्या भाषेतली. दयाजीराव सर्जेराव जेधे यांनी ती लोकमान्य टिळकांच्या स्वाधीन केली आणि 1916 साली ती छापली गेली. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 रोजी झाला, अशी नोंद तिच्यात होती. त्यावर विद्वानांनी वाद घातले, ताडून पाहिले, पुन्हा वाद घातले. अखेर 2001 साली महाराष्ट्र शासनाने ती तारीख स्वीकारली. एका तारखेसाठी 85 वर्षे! हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्याच मावळावर आता वर्षा-दोन वर्षांनी एखादा चित्रपट निघतो आणि त्याला पुरावा म्हणून धूर, ढोल आणि उडणारे रक्त एवढे पुरते.

2022 च्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब 'हर हर महादेव' पाहिला. बाजीप्रभू देशपांडे म्हणजे हिरडस मावळातील बांदल देशमुखांचे कारभारी. मुलांना दाखवावा असाच विषय. परतताना धाकट्याने विचारले, "बाबा, बाजीप्रभू महाराजांशी खरेच लढले होते?" मी गप्प बसलो. पुढे नेमक्या अशाच प्रसंगांवर मावळातील देशमुख घराण्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकायला हवे होते. झाले ते वेगळेच. ठाण्यात खेळ बंद पाडला गेला, एका प्रेक्षकाला मारहाण झाली, त्या प्रकरणी आमदार जितेंद्र आव्हाड यांना अटक झाली, आणि बाजीप्रभू बाजूला राहून कोणता पक्ष कोणाच्या बाजूचा हीच बातमी ठरली. वाहिन्यांवर ज्या चर्चा मी पाहिल्या त्यांत चौघे चार चौकटींतून ओरडत होते. कागद कोणाच्याही हाती नव्हता. खेळ बंद पाडणे हा पुरावा नव्हे. पण तिकीट विकताना 'इतिहास' म्हणायचे आणि जाब विचारला की 'सिनेमॅटिक लिबर्टी'च्या आड दडायचे, हा तरी कोणता प्रामाणिकपणा?

खरा इतिहास इतका बेचव आहे काय? 1659 साली अफझलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेध्यांना विजापूरचे फर्मान आले. ते मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि त्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडले. शेजारच्या उत्रौलीचे खंडोजी खोपडे मात्र खानाला मिळाले. पुढे खोपडे सापडण्याची वेळ आली तेव्हा त्यांचा जीव वाचावा म्हणून रदबदली केली ती याच कान्होजींनी! जीव वाचला, एक हात आणि एक पाय गेला. निष्ठावंताने फितुरासाठी शब्द टाकावा, यापेक्षा मोठे नाट्य कोणता पटकथाकार रचणार आहे? परंतु असे दाखविले तर प्रेक्षक विचार करीत घरी जाईल, आणि आजच्या राजकारणाला तर संतापलेला प्रेक्षक हवा आहे.

हा आरोप मी हवेत करीत नाही. 2025 साली 'छावा' आला. लेझीमचे दृश्य आक्षेपानंतर गाळले गेले. शिर्के घराण्याच्या वंशजांची दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी क्षमा मागितली. मग औरंगजेबाच्या कबरीचा वाद पेटला आणि 17 मार्चला नागपुरात दंगल उसळली. जखमींपैकी एक जण पुढे दगावला. हिंसाचार पूर्वनियोजित दिसतो, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधिमंडळात म्हणाले. या चित्रपटामुळे लोकांच्या औरंगजेबाविषयीच्या भावना प्रज्वलित झाल्या, असेही त्यांनीच सांगितले. कबरीतला मनुष्य 1707 मध्ये मेला. नागपूरच्या त्या जखमीला मात्र घरी परत जायचे होते.

आणि ज्या डोंगरांचे नाव घेऊन हे सारे चालते तेथील जिवंत माणसांचे काय? भाटघरचे धरण इंग्रजी अमदानीतले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जाते. वेल्ह्यातल्या पानशेत-वरसगावचे पाणी पुणे पिते. त्याच भोर-वेल्ह्यात उन्हाळ्यात वस्त्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत वाहिन्यांच्या गाड्या या मतदारसंघात फिरल्या, पण त्यांना नणंद विरुद्ध भावजय एवढेच दिसले. त्याच वर्षी वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय झाला. नाव सुंदर आहे, माझी तक्रार नाही. हंडा तेवढाच जड आहे.

आता थोडे स्वतःकडे. हिंदी चित्रपटात एखाद्या फादरांचे विडंबन झाले की आपल्या धर्मग्रामांतून निषेधाची पत्रे जातात. मीही सही केली आहे. पडद्यावर दुसऱ्या कोणाच्या पूर्वजाला फितूर किंवा एका सबंध समाजाला राक्षस ठरविले जाते तेव्हा आपण मध्यंतरापर्यंत मक्याच्या लाह्या संपवितो. खोट्या साक्षीची आज्ञा केवळ आपल्यावरच्या खोट्या साक्षीपुरती दिलेली नाही.

निर्मात्यांकडे माझे मागणे साधे आहे. शेवटी शेकडो नावे सरकतात, त्यांतच कोणता प्रसंग कोणत्या कागदावरून घेतला आणि कोणता मनाचा, हेही छापा. मुलाच्या प्रश्नासाठी मी जेधे शकावली ग्रंथालयातून आणली आहे. त्याला ती रुक्ष वाटते. रोज एक पान, असे आमचे ठरले आहे.