एकाच तराजूची दोन पारडी

जुन्या व्यापारी घराण्यांत दुष्काळाची आठवण संवताने ठेवली जाते. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० मधील अवर्षण, गुजरात, कच्छ आणि राजस्थानातून महाराष्ट्रात येऊन स्थायिक झालेल्या कितीतरी कुटुंबांत आजही 'छप्पनिया' या एकाच शब्दाने ओळखले जाते. पूर्वजांनी गाव का सोडले, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्या शब्दापाशी येऊन थांबते. त्या पिढीला ते संकट आपल्या गावावरचे, फार तर आपल्या प्रांतावरचे वाटले. आपल्याकडे आकाश कोरडे असताना त्याच ऋतूत पृथ्वीच्या दुसऱ्या भागात काय घडत आहे, हे कळण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. आपल्याजवळ ते आहे. त्या साधनामुळे व्यापाऱ्याच्या पदरी कोणते कर्तव्य येते, याचा विचार या वेळी करावयाचा आहे.

छप्पनियाच्याही आधीचा एक दाखला पाहावा. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची स्थिती जमवून ती सरकारपुढे मांडली, ती याच काळात. नेमक्या त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये पाऊस पडत नव्हता आणि ब्राझीलच्या ईशान्येकडील सिआरा प्रांतातून माणसे घरेदारे सोडून बाहेर पडत होती. तिन्ही ठिकाणी लक्षावधी जीव गेले. या तिन्ही संकटांचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे, हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हते.

ते मूळ शोधण्याचा मार्ग भारतातच सापडला. केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये येथील वेधशाळांचे प्रमुख झाले. हवामानशास्त्र त्यांनी पूर्वी अभ्यासलेले नव्हते. आकडेमोडीवर मात्र त्यांचे प्रभुत्व होते. जगभरच्या वायुभाराच्या, तापमानाच्या व पर्जन्याच्या नोंदी आणि नाईल नदीच्या पुराच्या मोजण्या त्यांनी गोळा केल्या. खात्यातील भारतीय कर्मचाऱ्यांकडून या नोंदींचे परस्परसंबंध वर्षानुवर्षे हाताने मांडून घेतले. त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. प्रशांत महासागराच्या बाजूला वायुभार चढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. जणू एकाच दांडीला लावलेली दोन पारडी. वॉकर यांनी या हेलकाव्याला 'दक्षिणी दोलन' असे नाव दिले.

या तराजूची दांडी समुद्रात आहे, हे पुढे १९६०च्या दशकात याकोब ब्यर्कनेस यांनी दाखवून दिले. विषुववृत्ताजवळ प्रशांत महासागरावर सामान्यतः पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. भूगोलाच्या पुस्तकांत त्यांना 'व्यापारी वारे' म्हणतात. हे वारे उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटत नेतात. तेथे हवा वर चढते, ढग बनतात, पाऊस पडतो. दक्षिण अमेरिकेच्या पेरू देशाच्या किनाऱ्यावर मात्र खोल समुद्रातील थंड पाणी वर येते आणि तो किनारा कोरडा राहतो. काही वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात. मग उबदार पाणी पूर्वेकडे सरकते आणि पाऊसही त्याच्यामागे जातो. पेरूचे कोळी नाताळाच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला बाळ येशूवरून 'एल निन्यो' म्हणत. तेच नाव या साऱ्या स्थितीला मिळाले. याच्या उलट, वारे अधिक जोर धरतात त्या स्थितीला 'ला निन्या' म्हणतात.

पारडी कशी झुकतात, हे अलीकडच्या वर्षांतून स्पष्ट दिसते. १९९७-९८च्या प्रबळ एल निन्योमध्ये इंडोनेशियातील अरण्ये वणव्यात जळत होती, तर पेरूच्या सेचुरा वाळवंटात पुराचे पाणी साचून एक विस्तीर्ण सरोवर तयार झाले. २०२० नंतर सलग तीन वर्षे ला निन्या टिकून राहिली. तेव्हा पूर्व ऑस्ट्रेलियातील नगरे पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेली आणि सोमालिया, इथिओपिया व केनियाच्या काही भागांत पावसाचे लागोपाठ पाच हंगाम वाया गेले. २०२३ मध्ये पारडे पुन्हा उलटले. ज्या केनियात गुरे तहानेने मेली होती, तेथे महापूर आले. झांबिया, मलावी आणि झिंबाब्वे या देशांना २०२४च्या आरंभी दुष्काळामुळे राष्ट्रीय आपत्ती घोषित करावी लागली. ब्राझीलमध्ये तर एकाच देशात दोन्ही टोके दिसली. २०२३च्या उत्तरार्धात अॅमेझॉनच्या खोऱ्यातील नद्या आटल्या, आणि मे २०२४ मध्ये दक्षिणेकडील पोर्तो अलेग्रे शहर बुडाले.

मात्र या तराजूला अचूक मानून चालत नाही. १९९७ मध्ये एल निन्यो इतका प्रबळ असूनही भारतात मोसमी पाऊस सरासरीइतका झाला. २००२ मध्ये तो त्याहून सौम्य होता, तरी पाऊस १९ टक्क्यांनी घटला. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील तापमानाचा फरकही आपले वजन टाकत असतो. त्यात आता पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेची भर पडली आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. ते बाष्प एकदम कोसळते, आणि मधले खंड लांबतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९५० ते २०१५ या काळाचा अभ्यास करून मध्य भारतात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखविले आहे. २०२३चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी महाराष्ट्रात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊस मे महिन्यातच मुंबईत येऊन थडकला.

या साऱ्याचा आपल्या पेढीशी आणि गोदामाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. पनामा कालव्याचेच पाहा. त्याची पाणकपाटे समुद्राच्या पाण्यावर चालत नाहीत. गातून तलावात साठलेल्या पावसाच्या गोड्या पाण्यावर चालतात. एक जहाज पार होताना सुमारे १९ कोटी लिटर पाणी खर्ची पडते. २०२३ मध्ये तेथे पाऊस कमी झाला आणि दररोज ३६ ते ३८ जहाजांची ये-जा क्रमाने घटवून डिसेंबरात २२ वर आणावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविली, तेव्हा तांदूळ विकत घेणाऱ्या आफ्रिकी देशांच्या बाजारांत भाव चढले. आपल्या ताटातील तूरडाळही आता केवळ विदर्भ-मराठवाड्याच्या पावसावर अवलंबून नाही. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया आणि मलावी येथील पावसावरही अवलंबून आहे.

तुरीचाच अनुभव आपल्या व्यापारी वर्गाने विसरू नये असा आहे. २०१५ हे एल निन्योचे वर्ष. देशात पाऊस १४ टक्क्यांनी कमी झाला आणि त्या दिवाळीपूर्वी तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. सरकारने साठ्यावर मर्यादा घातल्या, गोदामांवर छापे पडले आणि हजारो टन डाळी जप्त झाल्या. त्या छाप्यांत दोषी किती आणि निर्दोष किती, हा वेगळा प्रश्न. पण सामान्य गृहिणीच्या मनात 'व्यापारी' या शब्दाला जो डाग लागला, तो सर्वांनाच लागला. पुढच्या एप्रिलमध्ये, डाळीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने मिरजेहून आणावे लागले. पहिल्या गाडीतून पाच लाख लिटर पाणी आले. त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, शेतकऱ्यांनी भाव पाहून तूर भरमसाट पेरली आणि हंगामात दर ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली कोसळला. चढ्या भावाच्या आशेने माल दाबून ठेवणारे बुडाले, आणि शेतकरीही बुडाला. २०१९च्या ऑगस्टमध्ये, ज्या कृष्णेचे पाणी लातूरला गेले होते, तिच्याच महापुरात सांगलीच्या बाजारपेठा बुडाल्या. मराठवाडा त्या वेळी पावसाची वाट पाहत होता.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. साठवण आणि साठेबाजी यांत भेद आहे, आणि तो पोत्यांच्या संख्येचा नाही. धान्य साठविणारा कोणी नसेल, तर सुगीत ते मातीमोल होईल आणि टंचाईत मिळणारच नाही. सुगी आणि टंचाई यांच्यामधील सेतू म्हणजे व्यापारी. ती त्याची समाजाला दिलेली सेवाच आहे. गरजवंत दारात उभा असताना, तो अधिक अगतिक व्हावा म्हणून दार बंद ठेवले, की साठवणीची साठेबाजी होते. कायदा पोती मोजू शकतो. हेतू मोजण्याचे काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

आणि येथेच हवामानाच्या ज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. आज प्रशांत महासागराचे तापमान काही महिने आधी धोक्याची सूचना देते. हवामान खाते एप्रिलमध्येच मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करते. ही सूचना सर्वांसाठी खुली असली, तरी ती वाचून पुढचे पाऊल टाकण्याची ऐपत प्रथम व्यापाऱ्याजवळ असते. त्याच्याजवळ भांडवल आहे, गोदाम आहे, परगावचे आडते आणि दलाल आहेत. अल्पभूधारकाजवळ आणि रोजंदारीवर जगणाऱ्याजवळ यांतले काहीच नाही. म्हणून पूर्वसूचना ही एक प्रकारची पुंजीच होय, आणि प्रत्येक पुंजीप्रमाणे तिच्या विनियोगाचाही हिशेब द्यावा लागतो.

या हिशेबाचा एक जुना आदर्श आपल्या परंपरेत आहे. तेराव्या शतकात कच्छमधील भद्रेश्वर बंदरी जगडूशाह नावाचे श्रेष्ठी होऊन गेले. विक्रम संवत १३१३ ते १३१५ अशी तीन वर्षे दुष्काळ पडला. सर्वानंदसूरींच्या 'जगडूचरित' या काव्यात सांगितले आहे, की या संकटाची सूचना जगडूशाहांना आधीच एका आचार्यांकडून मिळाली होती आणि त्यांनी ठिकठिकाणी धान्य साठविले. दुष्काळ पडल्यावर गुजरातच्या राजाने धान्य मागितले, तेव्हा कोठारात एक ताम्रपट निघाला. हे धान्य दीनांसाठी ठेवले आहे, असे त्यावर नोंदले होते. चरितकाव्यात भक्तीचा रंग असतो, हे मान्य करूनही त्यातील व्यवहार लक्षात घेण्याजोगा आहे. सूचना मिळाली, साठा केला, तो कोणासाठी हे संकटापूर्वीच लिहून ठेवले. भाव चढल्यावर उदार होण्याचा निश्चय करणे कठीण असते. म्हणून निश्चय भाव चढण्यापूर्वी करावा, असा त्या ताम्रपटाचा अर्थ आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाला जगडूशाह होता येणार नाही. परंतु आपापल्या पेढीपुरता ताम्रपट प्रत्येकाला लिहिता येईल. टंचाईच्या वर्षी खरेदी महागली तर विक्रीही महागणार, हे ग्राहकाला समजते. नफ्याचे प्रमाण मात्र नेहमीचेच राहील, एवढे कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे. ज्या शेतकऱ्याकडून वर्षानुवर्षे माल घेतला, त्याची उचल पीक बुडालेल्या वर्षी तगाद्याविना पुढे न्यावी. नदीकाठच्या गोदामातील जोते गेल्या महापुराच्या रेषेच्या वर आहे की नाही, विमापत्रात पुराचा अंतर्भाव आहे की नाही, हे वैशाखातच पाहून घ्यावे. हरिपूरच्या जमिनीतील पेवांत सांगलीची हळद पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहिली, तरी २००५च्या महापुराने त्यांतील अनेक पेवे निकामी केली; जुनी रीत उत्तम असली तरी पाऊस आता जुना राहिलेला नाही. दानधर्माचा काही भाग पाण्याच्या कामाला द्यावा. भारतीय जैन संघटनेने २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील जलाशयांतला गाळ काढण्याचे काम हाती घेतले होते. गाळ काढलेला तलाव अवर्षणात पाणी देतो आणि अतिवृष्टीत ते सामावून घेतो, म्हणजे दोन्ही पारड्यांना उपयोगी पडतो.

वाचकहो, तराजू हे आपल्या व्यवसायाचे चिन्ह आहे. समुद्र आणि वारा यांचा तराजू आपल्या हाती नाही. तो कधी इकडे झुकेल, कधी तिकडे, आणि पुढील काळात अधिकच जोराने झुकेल. दुकानातील तराजू मात्र आपल्या हाती आहे. पेरूला पूर आलेल्या वर्षीही आणि लातूरचे नळ कोरडे पडलेल्या वर्षीही त्याचा काटा सरळ राहावा, एवढे आपल्याला साधले, तर पुढची पिढी दुष्काळांचे संवत मोजताना आपल्या पेढ्यांचे नाव आदराने घेईल.